ऱ्हस्व वेलांटी चालते, दीर्घ फुटते: लेक्सरचा स्थिती-आलेख काढून दोष शोधणं

ओव्या-अभंगांच्या फायली वाचून शब्द, दंड (।) आणि ओवीचे आकडे वेगळे करणारा एक छोटा लेक्सर. फ्लेक्समध्ये, म्हणजे नियम दिले की लेक्सर बनवून देणाऱ्या साधनात, लिहिलेला. शब्दासाठी नियम एकच, कुणालाही पहिल्यांदा सुचेल तसा: `[अ-ह]+`, म्हणजे ‘अ’ ते ‘ह’मधली एक किंवा अधिक अक्षरं. त्याखाली दंडाचा नियम, आकड्याचा नियम, आणि सगळ्यात शेवटी ‘बाकी काहीही आलं तर अनोळखी बाइट म्हणून ओरड’ असा एक नियम.

तो चालवला की नामदेव, चोखामेळा, एकनाथ, जनाबाई, ज्ञानेश्वर हे सगळे अखंड बाहेर येतात. तुकाराम मात्र तुटतो: ‘त’ला चिकटलेला काळा चौकोन, मग एक अनोळखी बाइट, मग ‘काराम’. मुक्ताबाई तुटते, निवृत्ती तुटतो, सावता माळी शेवटच्या वेलांटीवर तुटतो. ‘संत’ हा शब्दसुद्धा तुटतो. विठ्ठल शाबूत. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी चालते, दीर्घ चालत नाही. काना, मात्रा चालतात, उकार चालत नाहीत. आणि अनुस्वार तर नाहीच नाही.

इथून पुढे जे होतं ते बहुतेकांच्या ओळखीचं असेल. कुणी म्हणतं, अरे काना-मात्रा राहिल्या, म्हणून नियम होतो `[अ-हा-ौ]+`. काडीचा फरक पडत नाही. मग अनुस्वार वेगळा घालतात. ‘संत’ नीट येतो, पण सोबत ‘पूजा’ही नीट यायला लागते, जिच्यात अनुस्वार नाहीच! चंद्रबिंदू घातला की तुकाराम बरा होतो. विसर्ग घातला की ‘कृपा’ बरी होते. मग शेवटी ‘ी’ घालायची, की सगळं चालल्यासारखं दिसतं. आठवड्याभराने कुणीतरी तक्रार आणतं की दंड शब्दालाच चिकटतोय आणि `॥१॥` हा अख्खा ऐवज ‘शब्द’ म्हणून मोजला जातोय. दंडाचा नियम वर नेला तर मोकळा दंड सुटा होतो, चिकटलेला तसाच राहतो.

नियमांकडे कितीही टक लावून बघितलं तरी यातलं काही उलगडत नाही, कारण नियम वाचताना आपण अक्षरं वाचतो आणि यंत्र वाचतं बाइट. फ्लेक्सचा डीबग पर्याय लावला तर कोणत्या ओळीचा नियम कोणत्या मजकुरावर लागला ते छापून येतं. उपयोगी आहे, पण ते काय झालं तेवढं सांगतं. इथेच का थांबला, पुढे वाट का नव्हती, हे त्यातून कळत नाही. ते कळायला आलेख लागतो.

आलेख काढायचा कसा

लेक्सर तयार करणारं साधन नियमांपासून आधी एक यंत्र बांधतं: काही स्थिती, आणि एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत नेणारे बाण. प्रत्येक बाणावर तो कोणत्या बाइटवर घ्यायचा ते लिहिलेलं. काही स्थिती ‘इथे टोकन (शब्द, दंड असा एक सुटा तुकडा) पूर्ण होऊ शकतं’ अशा असतात. त्या दुहेरी वर्तुळाने दाखवायची पद्धत आहे. बाकीची एकेरी वर्तुळं.

फ्लेक्स स्वतः चित्र काढत नाही. ट्रेसचा पर्याय दिला की स्थितींची यादी एरर आउटपुटवर ओकतो, आणि ती फ्लेक्सच्याच देखभालीसाठी असल्याने वाचायला रुक्ष आहे. शिवाय नेहमीच्या मांडणीत बाणांवर बाइट नसतात, सारख्या वागणाऱ्या बाइटांच्या गटांचे क्रमांक असतात. ते कळलं नाही तर माणूस भलतेच आकडे बाइट समजून शोधत बसतो. पूर्ण तक्त्यांचा पर्याय सोबत दिला की गट जातात आणि खरे बाइट दिसतात.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे चित्रापुरते नियम री-टू-सी या लेक्सर बनवणाऱ्या दुसऱ्या साधनात उतरवणं. त्यात कॅपिटल डी हा पर्याय दिला की सी कोडऐवजी ग्राफव्हिझ या आलेख काढणाऱ्या साधनाच्या डॉट भाषेत आलेख मिळतो. रॅगल हे तसंच तिसरं साधन वापरत असाल तर तिथे कॅपिटल व्ही हेच काम करतो. मिळालेली फाइल डॉट कमांडला देऊन एसव्हीजी करायची. मांडणी वरून खालीऐवजी डावीकडून उजवीकडे करायला सांगा, लेक्सरचे आलेख लांबट असतात. री-टू-सीच्या चित्रात दुहेरी वर्तुळाऐवजी नियमाचा ओळ क्रमांक लिहिलेली वेगळी गाठ दिसते. त्या गाठीकडे बाण गेला की ती स्थिती टोकन पूर्ण करणारी. बाइटही तिथे हेक्समध्ये येतात. मी खाली साधे दशमान आकडे आणि दुहेरी कंसच वापरतो.

आपल्या नियमाचा आलेख असा निघाला:

```
(०)      —१३३ ते २२४→  ((शब्द))
((शब्द)) —१३३ ते २२४→  ((शब्द))
```

संपलं. सुरुवातीपुढे एकच वर्तुळ आणि स्वतःकडेच परतणारा एक बाण. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटचं असतं, म्हणजे इथे निदान तीन टप्प्यांची साखळी दिसायला हवी होती. ती नाही म्हटल्यावर नियमाला अक्षर ही गोष्टच ठाऊक नाही, हे चित्र उघडताच कळतं.

‘अ’चे बाइट २२४, १६४, १३३. ‘ह’चे २२४, १६४, १८५. चौकटी कंसात फ्लेक्सला दिसतात सहा बाइट आणि मधे एक डॅश. डॅशच्या डावीकडे १३३, उजवीकडे २२४, म्हणून पल्ला झाला १३३ ते २२४, बाकीचे त्यातच आले. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५, ते तर पल्ल्यात आहेतच. तिसरा १३३ किंवा त्याच्या वर असला की अक्षर पास, १२८ ते १३२ असला की नापास. आता वरची भुताटकी एकेक करून तपासा:

‘ि’चा तिसरा बाइट १९१, ‘ी’चा १२८. उकार १२९ आणि १३०, ‘ृ’ १३१. अनुस्वार १३०, चंद्रबिंदू १२९, विसर्ग १३१. अनुस्वार नियमात घातला तेव्हा खरं तर १३० हा बाइट घातला गेला, आणि तोच दीर्घ उकाराचाही शेवटचा बाइट आहे. चंद्रबिंदूने ऱ्हस्व उकार वाचवला तो १२९मुळे, विसर्गाने ‘कृपा’ वाचवली ती १३१मुळे. काना-मात्रांचा पल्ला घालून काहीच झालं नाही, कारण त्यातून आलेले १९० ते २२४, १६५ आणि १४० आधीपासूनच आत होते. आणि दंड? २२४, १६५, १६४. तिन्ही पल्ल्यात. तो पहिल्या दिवसापासून ‘शब्द’च होता, तुटक्या शब्दांच्या गोंधळात कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मूळ लेक्स हे बेल लॅब्समध्ये माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी १९७५मध्ये लिहिलं. यूटीएफ-८ आलं १९९२मध्ये. फ्लेक्स लेक्सच्याच कुळातलं, बाइटवर चालणारं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एवढंच, की त्याच्या नियमात देवनागरी अक्षरं थेट चौकटी कंसात लिहू नका. बाइटांची साखळी लिहा, ऑक्टलमध्ये, म्हणजे अष्टमान आकड्यांत (`\340` म्हणजे २२४, `\244` म्हणजे १६४):

```
(\340\244[\200-\277]|\340\245[\200-\243\261-\277])+    शब्द
\340\245\244                                           दंड
\340\245\245                                           दुहेरी दंड
\340\245[\246-\257]                                    आकडा
```

उजवीकडची नावं फक्त वाचकासाठी. फ्लेक्समध्ये तिथे कृती येते. शब्दाच्या नियमात दंड, आकडे आणि संक्षेपाचं ‘॰’ ही चिन्हं मुद्दाम वगळली आहेत.

री-टू-सीत यूटीएफ-८चा पर्याय आहे, त्यात अक्षरं अक्षरं म्हणूनच लिहिता येतात. पण तिथे एक खाच आहे. तो पर्याय वाचल्या जाणाऱ्या मजकुराबद्दल असतो. नियमांची फाइल स्वतः कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते वेगळ्या पर्यायाने सांगावं लागतं. ते नाही सांगितलं तर नियमांतली अक्षरं पुन्हा सुटे बाइट म्हणून वाचली जातात. तेही चित्रावरून लगेच कळतं: १६४, १६५चे फाटे नसतील तर पर्याय राहिला.

अ ते ज्ञ

याच कुळातली दुसरी चूक, आणि ही फक्त आपणच करू शकतो. शाळेत वर्णमाला ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत शिकवली, म्हणून नियम लिहिला जातो `[अ-ज्ञ]`. एन्कोडिंग सगळं बरोबर, तरी निम्मी अक्षरं बाहेर. आलेखात १६४च्या पुढच्या बाणावर ‘१३३ ते १५६, १५८’ असं दिसतं आणि १६५च्या पुढे एकटा १४१. १५६ म्हणजे ‘ज’, १४१ म्हणजे हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), १५८ म्हणजे ‘ञ’. युनिकोडमध्ये ‘ज्ञ’ हे एक अक्षर नाहीच, ती तीन चिन्हं आहेत. म्हणून पल्ला झाला ‘अ’ ते ‘ज’, आणि हलन्त व ‘ञ’ सुटे भरती झाले. बाणावरचा तो एकुलता १५८ दिसला की समजायचं. पल्ला चिन्हांच्या क्रमांकावर चालतो, वर्णमालेच्या क्रमावर नाही.

दुसरा आजार: कधीतरीच होणारा

नियम दुरुस्त झाल्यावर आलेख असा दिसतो:

```
(०)      —२२४→                       (क)
(क)      —१६४→                       (ख)
(क)      —१६५→                       (ग)
(ख)      —१२८ ते १९१→                ((शब्द))
(ग)      —१२८ ते १६३, १७७ ते १९१→    ((शब्द))
(ग)      —१६४→                       ((दंड))
(ग)      —१६५→                       ((दुहेरी दंड))
(ग)      —१६६ ते १७५→                ((आकडा))
((शब्द)) —२२४→                       (च)
(च)      —१६४→                       (ख)
(च)      —१६५→                       (छ)
(छ)      —१२८ ते १६३, १७७ ते १९१→    ((शब्द))
```

‘ग’ आणि ‘छ’ बघा. दोन्ही २२४, १६५ वाचून झाल्यावरच्या जागा, पण वेगळ्या. शब्दाच्या सुरुवातीला दंड येऊ शकतो, शब्दाच्या आत नाही, म्हणून ‘छ’मधून १६४वर बाणच नाही. ‘ख’ दोघांना सामाईक चालतो, म्हणून एकच राहिला.

आता ‘माऊली।’ वाचा, मधे जागा न सोडता. ‘ली’ संपताच यंत्र ((शब्द))मध्ये आहे. पुढचा बाइट २२४, म्हणजे कदाचित आणखी एक अक्षर, ‘च’मध्ये गेलं. १६५, ‘छ’मध्ये गेलं. मग आला १६४, आणि वाट नाही. यंत्राला मागे फिरून शेवटच्या दुहेरी वर्तुळापाशी जावं लागतं, ‘माऊली’ एवढाच शब्द द्यावा लागतो आणि दंड नव्याने वाचावा लागतो. मागे कुठे फिरायचं हे लक्षात राहावं म्हणून ((शब्द)) सोडताना खूण ठेवावी लागते.

ही खूण फ्लेक्स स्वतः सांभाळतो. री-टू-सीत बफर, म्हणजे फाइलचा वाचलेला तुकडा ठेवायची जागा, तुमचा असतो, म्हणून खूणही तुमचीच. आमच्याकडे हाच लेक्सर पुढे री-टू-सीवर नेला तेव्हा नवं दुखणं सुरू झालं: मोठ्या फाइलमध्ये एखाद्याच ठिकाणी शब्दाच्या जागी दुसऱ्याच ओवीचा तुकडा. वरची एक ओळ काढली की दोष गायब. तेवढाच परिच्छेद वेगळ्या फाइलमध्ये चालवला तर सगळं ठाकठीक. असं दिसलं की नियमांना हात लावू नका, बफर भरणारं फंक्शन उघडा.

बफर संपला की ते फंक्शन अर्धवट टोकन उचलून बफरच्या सुरुवातीला नेतं आणि पुढे नवा मजकूर भरतं. तसं करताना टोकनची सुरुवात, वाचनाची जागा, मजकुराचं टोक आणि ही मागे फिरण्याची खूण (री-टू-सीत तिचं नाव वायवायमार्कर), असे चारही पॉइंटर सारख्याच अंतराने मागे सरकवायचे असतात. पहिल्या तिघांपैकी एक विसरला तर पहिल्याच मोठ्या फाइलवर प्रोग्राम कोसळतो, म्हणून ते कुणी विसरत नाही. वायवायमार्कर विसरला तर मात्र दिवसेंदिवस काही होत नाही. दोष दिसायला खूण ठेवल्यावर आणि ती वापरण्याआधी भरणी व्हावी लागते, आणि नंतर खरोखर मागे फिरायची वेळ यावी लागते. शब्दापुढे साधी मोकळी जागा असेल तर ((शब्द))मधून तिच्यावर बाणच नाही, मागे फिरण्याचा प्रश्नच येत नाही. चिकटलेला दंड नेमका बफरच्या काठावर हवा. (नियमांत संदर्भ-खूण वापरली असेल तर तिचाही पॉइंटर सरकवा.)

इथे आलेखाचा खरा फायदा होतो, कारण तो चाचणी कशी लिहायची ते सांगतो. दुहेरी वर्तुळातून निघणारा आणि एकेरी वर्तुळात शिरणारा प्रत्येक बाण शोधा. आपल्या चित्रात तो एकच आहे, ((शब्द)) ते ‘च’. त्या वाटेवर जाऊन अडकेल असा मजकूर बनवा: शब्दाला चिकटून दंड, चिकटून दुहेरी दंड, चिकटून आकडा, आणि शब्दानंतर फाइल २२४ या बाइटवरच संपलेली. मग बफर चालेल तेवढा लहान करा, आणि एकेक बाइटने वाढवत तोच मजकूर पुन्हा पुन्हा चालवा. काठ प्रत्येक बाइटवर एकदा तरी येतोच. दरवेळी टोकनांची यादी तीच यायला हवी. इंग्रजी चाचण्यांवर हा दोष का सापडला नाही हेही यातून कळतं: एका बाइटच्या अक्षरात मधलं एकेरी वर्तुळ नसतं. आपल्या मजकुरात प्रत्येक अक्षराला दोन असतात.

अर्थात एका बाइटच्या मजकुरातही अशा जागा आहेत. ओव्यांची निवड `1..10` अशी लिहायची सोय असेल तर अपूर्णांकाचा नियम बघा. तो `[0-9]+\.[0-9]+` असा असेल तर `1.`नंतरचं वर्तुळ एकेरी आहे, दुसऱ्या टिंबावर यंत्र मागे फिरतं आणि 1, .., 10 असे तीन तुकडे नीट मिळतात. कुणी उदारपणे शेवटच्या + च्या जागी * केला की तेच वर्तुळ दुहेरी होतं, मागे फिरणं बंद, आणि तुकडे पडतात `1.`, `.` आणि `10`. टोकनांची रचना जुळवणारा पार्सर मग ‘अनपेक्षित टिंब’ म्हणून रडतो, आणि लोक पार्सरमध्ये दोष शोधत बसतात.

फ्लेक्सवाल्यांना चित्राशिवायही हा भाग मिळतो. बॅकअपचा पर्याय दिला की मागे फिरायला लावणाऱ्या स्थितींची यादी वेगळ्या फाइलमध्ये येते: स्थितीचा क्रमांक, संबंधित नियमांच्या ओळी, कोणत्या बाइटांवर पुढे वाट आहे आणि कोणत्यांवर अडतं. ती सोय वेग वाढवण्यासाठी दिलेली आहे, पण चाचण्यांची यादी म्हणून मी ती जास्त वापरतो.

आलेख फार मोठा आला तर

येतोच. लेक्सर एखाद्या प्रोग्रामिंग भाषेचा असेल आणि तिच्यात `if`, `while` असे पन्नास राखीव शब्द असतील तर प्रत्येकाची साखळी आणि प्रत्येक टप्प्यावरून साध्या नावाकडे जाणारा बाण, अशाने चित्राचं जाळं होतं आणि डॉट कमांड बराच वेळ घेते. पूर्ण आलेख बघायचा हट्ट सोडा. राखीव शब्दांचे नियम काढून टाका, ज्या टोकनांत भांडण आहे तेवढे दोन-तीन नियम ठेवा, दोष तरी येतो का बघा, आणि मग चित्र काढा. राखीव शब्द लेक्सरमध्ये न ठेवता नाव वाचून झाल्यावर तक्त्यात शोधणं मला तरी नेहमीच बरं वाटतं. आणि दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या डॉट फायली ओळीगणिक ताडून बघण्यात वेळ घालवू नका. एक नियम बदलला की सगळ्या स्थितींचे क्रमांक सरकतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि नेमक्या तुटणाऱ्या शब्दाची वाट दोन्हींवर बोटाने चाला.

‘दुसऱ्या’ तुटत असेल तर

काही फायलींतच तुटेल, काहींत नाही. ‘ऱ्या’तला अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग ‘य’. ते सगळं आपल्या साखळीत बसतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग शून्य रुंदीचं जोडचिन्ह, मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच. जोडचिन्हाचे बाइट २२६, १२८, १४१, आणि ((शब्द))मधून २२६वर बाण नाही. हलन्ताचाही शेवटचा बाइट १४१च असल्याने बाइट उलगडून बघतानाही नजर फसते. आधीचे दोन बघा. उपाय म्हणजे शब्दाच्या नियमात `\340\245\215\342\200\215` ही हलन्त आणि जोडचिन्हाची जोडीही पर्याय म्हणून घालायची. जोडचिन्ह एकटं घेऊ नका, नाहीतर न दिसणाऱ्या एकाच चिन्हाचे ‘शब्द’ मोजले जातील.

हे केलं की हलन्तानंतरची स्थिती साध्या ((शब्द))पासून वेगळी होते आणि तिथून २२६, १२८ अशी नवी एकेरी वर्तुळं निघतात. छापील वळणाची अवतरणचिन्हंही २२६, १२८नेच सुरू होतात, मिटणाऱ्या ” चा तिसरा बाइट १५७. म्हणून लहान बफरच्या चाचणीत हलन्ताने संपणारा आणि अवतरणचिन्ह चिकटलेला एक शब्द घाला, “अर्थात्” चालेल.